अर्ध्या घराची सही

हरमलच्या गिरकरवाड्यात दोन भाऊ राहत होते. बोधकथेत भाऊ दोनच असतात, त्याला इलाज नाही. नावं कुणाचीच सांगत नाही. पेडणे तालुक्यात एक नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी त्याचे चुलते आणि मामे चौकशीला येतात. थोरला आणि धाकटा, एवढ्यावर भागवू.

बापाचं घर एकच. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, समोर घराच्या सगळ्या लांबीभर सोपो, म्हणजे ओसरी, आणि मागं विहीर. कळंगुट-हणजुण्याच्या गर्दीला कंटाळलेले गोरे शापोरा नदी ओलांडून इकडे येऊ लागले, तेव्हा शिवोलीचा पूल नव्हता, फेरीबोट होती. होडी, धक्का, धूळ असं सगळं सोसून हरमलला पोचणारा माणूस एका रात्रीसाठी येत नसे, महिनाभर मुक्काम ठोकायचा. बापानं कडेची खोली एकाला दिली, मग दुसरी दिली. आई शीतकडी करायची तीच पाहुण्याच्या ताटात पडायची. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती, दर ठरलेला नव्हता. पुढं सरकारचा 1982 चा पर्यटन व्यवसायाचा कायदा आला, नोंदणी करावी लागली, तेव्हा कुठं त्या घराला कागदावर ‘गेस्ट हाऊस’ म्हटलं गेलं.

बाप गेल्यावर वाटणी झाली. आईनं आपला हिस्साही दोघांना दिला आणि स्वतःपुरती मधली देवाची खोली ठेवली. खोलीच्या उजवीकडं थोरला, डावीकडं धाकटा. पाच-पाच खोल्या, विहीर दोघांत. गणेशचवथ झाली की भिंतींना रंग, दिवाळीनंतर पहिला पाहुणा, शिगम्यानंतर ओहोटी आणि पावसात गळणाऱ्या कौलांखाली बालद्या. वर्षं अशी जायची आणि दोन्ही चुली चालायच्या.

गोव्यातला एक कायदा इथं सांगायला हवा, नाहीतर पुढची गोष्ट रत्नागिरीच्या किंवा कोल्हापूरच्या वाचकाला विचित्र वाटेल. पोर्तुगिजांचा 1867 चा नागरी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला, आणि पोर्तुगीज 1961 ला गेले तरी तो गेला नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. त्यात दोघांचा अर्धा-अर्धा भाग. नवऱ्याला वडिलांकडून आलेलं घरसुद्धा बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही, आणि बँकवालेही दोघांच्या सह्या घेतल्याशिवाय कर्ज देत नाहीत. सावंतवाडीकरांकडून पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो 1788 ला, म्हणजे आधी घेतलेल्या गोव्यापेक्षा फार उशिरा. पण हा कायदा मात्र पेडण्यालाही लागला. मुंबई-पुण्यात बायका ज्यासाठी भांडतात, ते इथं शंभरावर वर्षं कागदावर आहे. कागदावर आहे, एवढंच.

थोरल्याची बायको पालयेची. घरात तिला वयनी म्हणायचे. पहाटे उठून दहा पाहुण्यांचा नाश्ता करणारी, हिशेब डोक्यात ठेवणारी, चारचौघांत न बोलणारी बाई. धाकटी मांद्र्याची. तिची जीभ तिखट आणि चेहरा कायम भांडणाच्या तयारीत. गावात वयनीचं कौतुक व्हायचं. धाकटीबद्दल लोक म्हणायचे, त्या धाकट्याचं कसं होत असेल!

या घरी एक इंग्रज म्हातारा दर नोव्हेंबरला यायचा. थोरल्याकडं जागा नसली की धाकट्याकडं. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर त्याचं गाव. खोलीत आला की पहिल्यांदा भिंतीवर एक पोस्टकार्ड टाचायचा. त्यावर एका जुन्या सराईचं चित्र होतं : लाकडी कठड्यांच्या लांबच लांब गॅलऱ्या एकावर एक, खाली फरसबंद अंगण. ही लंडनच्या साउथवर्कमधली ‘जॉर्ज’. 1676 च्या आगीत जळाली, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. अंगणाच्या तिन्ही बाजूंना अशा गॅलऱ्या होत्या. मग रेल्वे कंपनीनं ती घेतली आणि 1889 ला दोन बाजू पाडून टाकल्या. राहिली एक बाजू. ती 1937 पासून नॅशनल ट्रस्टकडं आहे. ‘जॉर्ज’च्याच रस्त्यावरची ‘टॅबार्ड’, जिथून चॉसरचे यात्रेकरू निघतात ती, 1873 लाच गेली होती. वयनी झाडू मारता मारता त्या चित्राकडं बघायची. एकदा तिनं विचारलं, ‘‘ह्या घराच्या बाकीच्या बाजू कुठं गेल्या?’’ म्हाताऱ्याला प्रश्न फार आवडला. तो सगळ्यांना सांगत सुटला.

मग 2014 आलं. रुबल घसरला. पेडण्याच्या किनाऱ्यावर रशियन पाहुण्यांवर जगणारी किती घरं होती, ते त्या वर्षी कळलं. हरमलची गल्ली नोव्हेंबरातसुद्धा मोकळी दिसू लागली. पुढच्या वर्षांत गोरे कमी आणि देशी जास्त असं होत गेलं. दिल्लीहून, बंगळुरूहून शनिवार-रविवारला पोरं यायची. त्यांना एसी हवा, खोलीला लागून बाथरूम हवं, गरम पाणी हवं आणि फोनवर आधी फोटो हवेत. थोरल्याच्या खोल्यांचे फोटो बघून लोक पुढं जायचे. शेजारी काचेच्या दर्शनी भिंतीचं तीन मजली हॉटेल उभं राहिलं, त्याच्या खोल्या भरायच्या.

थोरल्यानं मनाशी ठरवलं : सोपो पाडायचा, तिथं कॅफे करायचा, वर मजला चढवायचा, बारा एसी खोल्या करायच्या. कंत्राटदारानं आकडा काढला चाळीस लाख.

त्या हिवाळ्यात संध्याकाळी सोप्यावर बसून त्यानं हा बेत इंग्रजाला सांगितला. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं आपल्या गावची गोष्ट सांगितली. त्याच्या खापरपणजोबांची सराई होती. दिवसाला कितीतरी घोडागाड्या थांबायच्या, घोडे बदलायचे, उतारू जेवायचे. धंदा असा की रात्री अंगणात पाय ठेवायला जागा नाही. म्हणून त्यांनी सराई गहाण टाकली आणि चाळीस घोड्यांचा नवा तबेला बांधला. तबेल्याचा चुना वाळतोय तोवर लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे सुरू झाली, 1838 ला. पाहता पाहता त्या रस्त्यावरच्या घोडागाड्या बंद पडल्या. तबेला रिकामा, हप्ता मात्र उभा. सराई विकली गेली.

‘‘पण लगेच नाही गेली,’’ म्हातारा पुढं म्हणाला. ‘‘गहाण होतं ना. आमच्याकडची न्यायालयं शेकडो वर्षं एक गोष्ट धरून आहेत : गहाण ते गहाणच. मुदत टळली तरी पैसे आणून दिले की वस्तू सोडवता येते. सावकारानं कागदात काहीही लिहू दे, तो सोडवण्याचा हक्क मारता येत नाही. त्या जोरावर खापरपणजोबांनी सहा वर्षं काढली, गिऱ्हाईक स्वतः शोधलं, भाव स्वतः केला, कर्ज फेडून वर काही उरवलं. त्या उरलेल्यावर माझे पणजोबा शिकले.’’

सोप्यावर तेव्हा घरची चौघंजण होती. थोरल्यानं ऐकलं ते तबेल्याचं. त्याला वाटलं, घोड्यांचे दिवस संपत आले होते हे त्या माणसाला कळायला हवं होतं, माझं तसं नाही, मोप्याला विमानतळ येतोय. धाकटा मासळीच्या गोष्टीत होता. वयनी चहाचे कप गोळा करत होती. खांबाला टेकून बसलेल्या धाकटीनं मात्र गोष्टीचा शेवट पकडला. तिचं इंग्रजी पाहुण्यांच्या तक्रारींवर पोसलेलं, त्यामुळं पैशाचा आणि हक्काचा शब्द तिला चटकन कळायचा. तिनं विचारलं, ‘‘आणि गहाण न लिहिता विक्री लिहिली असती तर?’’

म्हातारा हसला. ‘‘तर मी तुमच्याकडं फुकट राहायला आलो असतो.’’

बँकेनं थोरल्याला चाळीस लाख द्यायला नकार दिला. परवान्याचे कागद अपुरे, उत्पन्नाचा पुरावा अपुरा. ही अडचण किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांची आहे. कमाई असते पण ती बँकेला दाखवता येत नाही, कारण तिची नोंदच नसते. तेव्हा म्हापशाचा एक शेट मदतीला आला. माणूस गोड. चवथीला माटोळीखाली येऊन नमस्कार करून गेलेला. तो म्हणाला, ‘‘चाळीस लाख मी देतो. व्याजाची कटकट नको, गहाणखत नको. आपण सरळ सेल डीड करू. दोन वर्षांत पंचावन्न दे, मी घर तुझ्या नावावर परत करतो. स्टँपचा खर्चसुद्धा माझा. मी काय तुझं घर खाऊन टाकणार? माझा शब्द आहे.’’

स्टँपचा खर्च स्वतःहून अंगावर घेणारा सावकार दिसला की माणसानं जागं व्हावं. विक्रीच्या कागदाचा स्टँप गहाणापेक्षा भारी असतो. एवढे जादा पैसे घालून जो विक्रीच लिहून मागतो, त्याला विक्रीच हवी असते. पण थोरल्याला त्या घडीला बारा एसी खोल्या दिसत होत्या.

शेट पुढं म्हणाला, ‘‘वयनीचीही सही लागेल. ते पोर्तुगीज लफडं.’’

थोरल्यानं घरी जाऊन वयनीला सांगितलं, उद्या पेडण्याला जायचंय, बरी साडी नेस, आधार कार्ड घे. तिनं विचारलं, कशाला? तो म्हणाला, सही करायला.

पेडण्याच्या सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत दुपारपर्यंत बसावं लागलं. फोटो काढला, अंगठे घेतले. कागद सोळा पानांचा, इंग्रजीत. वयनी मराठी सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून तिनं आकडे तेवढे वाचले. चाळीस लाख सापडले. पंचावन्न कुठंच सापडले नाहीत. दोन वर्षं हा शब्द तिला वाचता आला नसता, पण दोनचा आकडाही दिसेना. ती पानं परत परत उलटत होती. शेट शेजारी उभा राहून घाम पुसत होता. टेबलापलीकडच्या साहेबानं नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘बाई, राजीखुशीनं सही करताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?’’

वयनीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. ती होय म्हणाली.

जबरदस्ती कुणी केली नव्हती हे खरंच. कायद्यानं तिला अर्धं घर दिलं होतं, आणि त्या अर्ध्या घराचं त्या दिवशी एक काम उरलं होतं : सोळा पानांच्या खाली वळणदार मराठीत आपलं नाव लिहिणं.

धाकट्यालाही हाव सुटलीच होती. थोरल्याच्या बाजूला मजला चढला तर आपल्या पाच खोल्या विचारणार कोण? त्यानं त्याच शेटकडून पंधरा लाख घ्यायचं ठरवलं, तसाच कागद, तोच शब्द. धाकटीनं पहिल्यांदा विचारलं ते हे : ‘‘कागद घरी आणलास?’’ नाही म्हटल्यावर तिनं मासे कापायची आदळी बाजूला सारली आणि जागेवरून हललीच नाही. ती शहाणी होती असं नव्हे. लग्नाआधी तिच्या भावानं असंच एकदा म्हापशाला नेलं होतं, रुटीन आहे म्हणून सही घेतली होती, आणि तीन वर्षांनी तिला कळलं की मांद्र्याच्या माडांच्या बागेतला आपला हिस्सा तिनं सोडून दिला आहे. इथला कायदा मुलीलाही मुलाइतकाच वाटा देतो. म्हणून तर इथं बहिणींच्या सह्यांना इतकी मागणी असते. एकदा पोळल्यामुळं ती शिकली होती, इतकंच.

कागद घरी आला. धाकटीनं तो पंचायतीजवळ बसणाऱ्या एका वकिलाकडून ऐकून घेतला. वकिलानं सांगितलं, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विक्रीच्या रूपातलं गहाण आहे, पण परत देण्याची अट त्याच कागदात लिहिलेली असली तरच ते गहाण. वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली किंवा तोंडी सांगितली तर ती विक्री. धाकटीनं शेटला निरोप धाडला : परत द्यायचं ह्याच कागदात लिही, मग सही. शेट फिरकलाच नाही. धाकटा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. गावात म्हणाले, बायकोनं नवऱ्याचं नशीब बुडवलं. शेवटी धाकट्यानं घराचे कागद बँकेत ठेवून सहा लाख उचलले. त्यात जेमतेम तीन बाथरूम आणि नवी कौलं झाली.

थोरल्याच्या बाजूचा सोपो पाडला तेव्हा आई दिवसभर देवाच्या खोलीतून बाहेर आली नाही. काचेची भिंत उभी राहिली, पाटी लागली. पहिला सीझन बरा गेला. दुसरा सीझन भरात होता, आणि 2020 चा मार्च आला.

त्या टाळेबंदीतलं फारसं सांगायला नको, सगळ्यांनी भोगलं आहे. अडकलेले परदेशी खास विमानांनी गेले, गल्ल्यांत कुत्री तेवढी उरली. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढं ढकलण्याची मुभा दिली. व्याज चढत होतं, पण दारात कुणी येत नव्हतं. धाकट्यानं ती मुभा घेतली, रापणीवर जाऊन हिश्श्याची मासळी आणली, आणि पुढं कसाबसा हप्ता सुरू केला. घर अजून सुटलेलं नाही, बँकेतच आहे. पण गहाण आहे म्हणून त्याचं आहे.

थोरल्याची मुदत दिवाळीला संपली. तो म्हापशाला गेला, आणखी एक वर्ष मागायला. शेटनं चहा पाजला. ‘‘कसली मुदत?’’ त्यानं विचारलं. ‘‘घर मी विकत घेतलंय. तू राहतोस म्हणून मी गप्प होतो.’’ आवाज अजिबात चढवला नाही. थोरला वकिलाकडं गेला, दोन वकिलांकडं गेला. दोघांनीही सोळा पानं वाचून सांगितलं की गहाण सिद्ध करायला कागदात काही नाही, दावा लावा, वर्षं जातील. वर्षभरात शेटनं ते अर्धं घर दिल्लीच्या एका कंपनीला विकलं. विमानतळाच्या वाटेवरच्या जमिनींचे भाव तेव्हा कुठल्या कुठं गेले होते. त्याला किती मिळाले ते गावात प्रत्येकजण वेगळं सांगतो. 2023 च्या जानेवारीत मोप्याला पहिली विमानं उतरली. थोरल्याचा अंदाज बरोबर होता, पाहुणे आले. फक्त ते दुसऱ्याच्या हॉटेलात आले.

सामान हलवताना थोरला आईसमोर बसून रडला. म्हणाला, ‘‘आये, शेटनं फसवलं.’’

आईनं त्याला पाणी दिलं. ‘‘शेट परका,’’ ती म्हणाली. ‘‘तू हिला सही विचारलीस, मत विचारलं नाहीस. जिची सही लागते तिचं अर्धं असतं, म्हणून तर लागते. अर्ध्या धन्याला न विचारता धंदा केलास. हिला पंचावन्नाचा आकडा सापडला नव्हता, ते तिनं मला त्याच रात्री सांगितलं होतं. तुला का नाही सांगितलं, ते तुझं तू बघ.’’

आणि सुनेलाही तिनं सोडलं नाही. ‘‘तुझ्या हातात पेन होतं गो,’’ म्हणाली.

ऐकायला हे कडक वाटतं. मलाही वयनीला दोष देणं पटत नाही. भर कचेरीत, नवऱ्याच्या आणि सावकाराच्या मध्ये उभं राहून नाही म्हणायला जे लागतं ते एका दिवसात येत नाही. पण म्हातारीनं दोन्ही मुलांना सारखं वाढवलं होतं आणि दोन्ही सुनांना सारखं बोलायची तिला सवय होती.

थोरली माणसं आता धाकट्याच्या दोन खोल्यांत राहतात. वयनी हातावर हात ठेवून बसली नाही. तिच्या शीतकडीचे आणि सोलकढीचे जुने पाहुणे अजून फोन करतात. गेल्या पावसाळ्यात खालच्यावाड्यातली एक रिकामी जागा खानावळीसाठी भाड्यानं मिळत होती. मालकाचा एजंट अकरा महिन्यांचा करार घेऊन आला. थोरल्यानं तो उघडलाच नाही, तसाच बायकोपुढं सरकवला. तिनं तो धाकटीच्या शाळकरी मुलीकडून मराठीत वाचून घेतला, ओळीवर बोट ठेवून, दोनदा.

‘‘अकरा महिन्यांनी परत आम्हालाच देणार म्हणालात, ते ह्यात कुठं आहे?’’ तिनं विचारलं.

‘‘ते तोंडी ठरलंय ना, वयनी. आमचा शब्द आहे.’’

वयनीनं करार त्याच्या हातात परत दिला आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली. चहा पिऊन एजंट पेडण्याला गेला, आणि संध्याकाळी ती अट घातलेला नवा कागद घेऊन आला. त्यात डिपॉझिटचा आकडा चुकला होता. तोही तिनं दुरुस्त करायला लावला.